अकीक कुणाचं ऐकत नाही

ताईच्या जिन्याच्या वळणावर एक उभी खिडकी आहे. तिथे रंगीत काचेचा पॅनल करून दे म्हणाली आणि वर, "हा त्यात बसव," म्हणत अकीकाची, म्हणजे अगेट नावाच्या दगडाची, तळहाताएवढी चकती माझ्या हातात ठेवली. राखाडी-तपकिरी वलयं, मधोमध बारीक स्फटिकांची पोकळी. साध्या काचेचे चार-पाच पॅनल माझ्या हातून झाले होते, त्यामुळे त्यात काय एवढं, असं वाटून हो म्हणून बसले.

पहिली चूक कागदावरच झाली. मी आधी नदी काढली, लाटा आखल्या आणि दगडासाठी मधे छानशी लंबगोल जागा सोडली. चकती ठेवून बघते तर एकीकडे कंगोरा बाहेर, दुसरीकडे बोट जाईल एवढी फट. काच आपल्या मापाने कापता येते, अकीक नाही. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मांडणाऱ्या मोह्सच्या मापनश्रेणीत त्याचा कठीणपणा 7 च्या आसपास, काचेचा साधारण 5.5. काचेवर कटरची रेघ ओढली की ती रेघेवर मोडते. अकीकावर ते चाकच घसरतं. हिऱ्याच्या ग्राइंडरवर तो थोडाफार झिजतो, पण दहा मिनिटं घासून कंगोरा जेमतेम नखभर कमी झाला. चित्र फाडलं. दगड कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या रेघेपासून बाहेर नदी काढत गेले. पॅनलच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जाणारी शिवण, म्हणजे तुकड्यांमधला सांधा, तेवढी टाळली, कारण पॅनल उभा केल्यावर तिथेच तो बिजागरीसारखा दुमडतो.

खरी परीक्षा दगडाभोवतीच्या काचेची. तिची कड आतल्या बाजूला वळते, आणि काचेला आत वळणं मुळीच मान्य नसतं. तडा वळणावर न राहता सरळ पळतो. एकदम खोल वळण काढायचं नाही, नखाएवढ्या चंद्रकोरी एकेक करून पक्कडीने काढायच्या, हे माहीत होतं. तरी तीन तुकडे गेले. शेवटी हट्ट सोडला. दगडाभोवतीचं कडं दोन तुकड्यांत करणार होते, ते पाच तुकड्यांत केलं. वळणं उथळ झाली आणि एकही तुकडा मोडला नाही. जास्तीच्या शिवणींनी पाण्याच्या वलयांसारखा भासही आला, तो मी मुद्दाम आणला असं ताईला सांगितलंय.

मग प्रत्येक तुकड्याच्या कडेला गुंडाळायची तांब्याची चिकटपट्टी. माझी काच 3 मिलिमीटरची, तिला साधारण 5.5 मिलिमीटर रुंदीची पट्टी पुरते. चकती मात्र पाच ते साडेपाच मिलिमीटर जाड, म्हणून तिला साडेनऊची लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर निम्मी पट्टी सुटून लोंबत होती! अशा चकत्या बऱ्याचदा तेल वापरून कापतात आणि अकीक सच्छिद्र असतो. बाजारातल्या भडक निळ्या-गुलाबी चकत्या रंग पितात त्या याच गुणामुळे. माझीही कड तेलकट होती, वर ग्राइंडरची पिठी वाळलेली. साबणाने घासली, दोन दिवस वाळवली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नव्या पट्टीची टोकं दगडाच्या नैसर्गिक कडेच्या खड्ड्यांत लाकडी काडीने दाबून बसवली. तासभर तेच करत होते. एकही खड्डा सोडला नाही.

सोल्डरिंगआधी, म्हणजे पट्ट्यांवर धातूची तार वितळवून तुकडे जोडण्याआधी, जाडीचा प्रश्न उरलाच होता. दगड काचेपेक्षा दोन-अडीच मिलिमीटर उंच. समोरून सगळं एका पातळीत यावं म्हणून काचेच्या तुकड्यांखाली पुठ्ठ्याचे थर घातले आणि उंचीतला फरक मागच्या बाजूला ढकलला. मागे सोल्डरचा उतार आला आहे, तो काही देखणा नाही.

सोल्डरची कथिल-शिशाची 60:40 तार 183 अंशांना मऊ व्हायला लागते आणि 190 च्या सुमारास पूर्ण वितळते. तापमान फार नाही, पण एकाच जागी उष्णता साचली तर दगड तडकू शकतो. म्हणून सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक कुठेही थांबवलं नाही. आधी ठिकठिकाणी थेंब टाकून सगळं जखडलं, मग अंगठ्याएवढी शिवण इथे, पुढची थेट समोरच्या बाजूला. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर ओढणारा, आणि हात धुतल्याशिवाय पाण्याचा ग्लाससुद्धा उचलायचा नाही. शिशाशी गाठ आहे.

शिवणींचा चकाकता रुपेरी रंग नको होता. मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण कापसाच्या काडीने फक्त शिवणींवर लावलं, दगड पिऊन टाकेल या धास्तीने श्वास रोखून. शिवणी तांबूस झाल्या. जस्ताची चौकट चढवली आणि कड्या त्या चौकटीलाच जोडल्या, नुसत्या पट्टीवर जोडल्या असत्या तर वजनाने उपटून आल्या असत्या.

खिडकीत लावल्यावर मागून ऊन आलं तेव्हा राखाडी वाटणाऱ्या वलयांमधून मधासारखा रंग उजळला. ताई तिसऱ्या पायरीवर उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पण हा कंगोरा वरच्या बाजूला होता ना गं?"

"आता खालीच आहे," म्हटलं आणि पुठ्ठे गोळा करायला लागले.