टेनिसचे चेंडू आणि आमची सर्वसाधारण सभा

फेब्रुवारी २०२४ मधली, इथली, जर्मनीतल्या स्टुटगार्टची गोष्ट. शनिवारची दुपार, बाहेर नेहमीचं राखाडी आभाळ. मी सोफ्यावर भडंगाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली आणि टीव्हीवर युनियन बर्लिन आणि वोल्फ्सबुर्गचा फुटबॉल सामना. गोलपोस्टच्या मागून अचानक पिवळे चेंडू पडायला लागले. टेनिसचे. खेळाडू पायानं ते बाहेर ढकलतायत, तोवर वरून दुसरी खेप. रेफ्रीनं खेळ थांबवला. आता लाठी चालणार, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची सवय.

लाठी चाललीच नाही. खेळाडू बाजूला उभे राहून अंग गरम ठेवत होते, मैदानावरची माणसं चेंडू गोळा करत होती, आणि समालोचक न चिडता लोकांचं म्हणणं काय आहे ते समजावून सांगत होता. खेळ सुरू झाला, परत थांबला. बराच वेळ हेच. शेवटी मीच वैतागले आणि कचरा टाकायच्या निमित्तानं खाली गेले. तिथं आमच्या तळमजल्यावरचे आजोबा भेटले. (त्यांना तोंडावर ‘आजोबा’ म्हणायची सोय नाही. इथं ‘हेर’, म्हणजे ‘श्रीयुत’, लावून आडनावानं हाक मारायची. पण मनातल्या मनात ते आजोबाच.) म्हटलं, हा काय पोरखेळ? पैसे देऊन आलेल्या लोकांचा सामना खराब करायचा?

आजोबांनी कचऱ्याची पिशवी खाली ठेवली आणि त्या थंडीत मला वीस मिनिटं उभं केलं.

मामला असा होता. वरच्या दोन लीगचे मिळून ३६ क्लब. त्यांच्या संघटनेनं ठरवलं की सामन्यांच्या प्रक्षेपणातून येणाऱ्या पैशातला ८ टक्के हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदाराला वीस वर्षांसाठी द्यायचा आणि बदल्यात एक अब्ज युरोच्या घरात रक्कम घ्यायची. डिसेंबर २०२३ मध्ये मतदान झालं. दोन तृतीयांश मतं लागत होती. ३६ पैकी बरोब्बर २४ पडली. मतदान गुप्त. मग बोंब अशी उठली की एका क्लबच्या सभासदांनी आपल्या प्रतिनिधीला ‘विरोधात मत टाक’ म्हणून बजावून पाठवलं होतं, आणि गडी आत जाऊन फुटला. एका मतानं ठराव पास झाल्यामुळे सगळा संशय तिथंच जाऊन बसला.

गडी फुटला! मला हसूच आलं. आजोबांना वाटलं, मी त्यांच्या बोलण्याला हसतेय. आता त्यांना कसं सांगू की मी सांगली जिल्ह्यातली, आमच्याकडे फुटलेल्या संचालकाची गोष्ट दर पाच वर्षांनी नव्यानं घडते. संचालकांना सहलीला नेऊन मतदानाच्या सकाळी थेट गाडीतून उतरवायचे प्रकार मी लहानपणी जेवणाच्या ताटावर ऐकलेत.

लोकांनी मग सामने अडवायला सुरुवात केली. आधी बारा मिनिटं गप्प बसून, मग चॉकलेटची नाणी फेकून, मग टेनिसचे चेंडू. कुठं तर रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाड्या मैदानात सोडल्या. आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला संघटनेनं तो व्यवहार गुंडाळला. अब्जाचा व्यवहार, खेळण्यातल्या गाड्यांपुढे. मी ती बातमी ऑफिसात तीनदा वाचली.

या सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे, आणि त्याच्याबद्दल मी आता जरा जास्तच लिहिणार आहे. ज्यांना फक्त गोलमध्ये रस आहे त्यांनी खाली उतरावं. त्याला इथं ‘पन्नास अधिक एक’ म्हणतात. १९९८ पासून क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीच्या रूपात चालवता येतो, पण त्या कंपनीत मूळ क्लबकडे, म्हणजे सभासदांच्या संस्थेकडे, पन्नास टक्के अधिक एक एवढी मतं राहिलीच पाहिजेत. पैसेवाला कितीही पैसे घालो, शेवटचा शब्द सभासदांचा. आमच्या व्हीएफबी स्टुटगार्टमध्ये मर्सिडीजचा पैसा आहे, पोर्शेचा आहे, पण दोघंही अल्पमतात. आणि क्लबचे सभासद किती? लाखाच्या वर. प्रत्येकाला एक मत.

एक सभासद, एक मत. हे वाक्य जर्मनमध्ये ऐकलं आणि माझे कान तापले. कारण हे आमचं आहे! माझ्या आज्याकडे साखर कारखान्याचा शेअर होता. ज्याचा दहा एकर ऊस त्यालाही एक मत, ज्याचा वीस गुंठे त्यालाही एकच. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा. आज्या धुतलेलं धोतर नेसून, ट्रॉलीत बसून जायचा. येताना सभासदाची साखर आणायचा. इथल्या पोरांना ‘भांडवलशाहीला जर्मन उत्तर’ वगैरे सांगताना मी ऐकते तेव्हा वाटतं, अरे, वसंतदादांच्या जिल्ह्यात या, तुमच्या या नियमाच्या आधी चार दशकं आम्ही हे करून बसलोय.

करून बसलोय, हा शब्द नीटच पडला म्हणायचा. आमच्या भागातला एक कारखाना भाड्यानं गेला, दुसऱ्याची बिलं थकली, आणि सर्वसाधारण सभा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. व्यासपीठावरून विषय वाचायचा, वाचून व्हायच्या आत पुढच्या चार रांगांनी ‘मंजूर, मंजूर’ ओरडायचं, मागच्यांनी ‘नामंजूर’ ओरडायचं, माईक बंद पडायचा, राष्ट्रगीत सुरू. पंधरा मिनिटांत वर्षाचा हिशेब पास. पण मी हे इथं कुणाला सांगत नाही. घरातलं भांडण पाहुण्यापुढे कोण काढतं? आजोबांना मी फक्त ट्रॉली आणि साखर सांगितली. ते भारावले. मीही थोडी भारावलेच, खोटं कशाला बोलू.

तर हंगामाबद्दल. (हंगाम म्हटलं की माझ्या डोक्यात अजून गळीत हंगामच येतो, चिमणीचा धूर, रस्त्यावर सांडलेला ऊस. इथला हंगाम ऑगस्टपासून मेपर्यंत, सामने ३४.) मी स्टुटगार्टला आले तेव्हा संघाची दैना होती. २०२२-२३ मध्ये ३३ गुण, अठरा संघांत सोळावा नंबर. सोळाव्या नंबरवाल्याला खालच्या लीगमधल्या तिसऱ्याशी दोन सामने खेळून आपली जागा राखावी लागते. हॅम्बुर्गला ३-० आणि ३-१ असं हरवलं आणि जीव वाचला. हे वर-खाली जाणंच मला आधी पचलं नाही. आपल्या आयपीएलमध्ये तळाला राहिलात तर पुढच्या वर्षी नवा लिलाव, नवे कपडे. इथं खाली गेलात की गेलात. पैसा आटतो, खेळाडू जातात, आणि गावात सुतक पडल्यासारखं होतं.

त्याच संघानं पुढच्या हंगामात ७३ गुण केले. चाळीस गुण जास्त! पहिल्याच सामन्यात बोखुमला ५-०, दुसऱ्यात लाइपझिशकडून १-५ असा मार, लगेच तिसऱ्यात फ्रायबुर्गला परत ५-०. प्रशिक्षक सेबास्टियान हॉनेस, ज्यांनी बुडतं जहाज एप्रिल २०२३ मध्ये हाती घेतलं होतं. गिनीचा सेऱ्हू गिरासी, २८ सामन्यांत २८ गोल. जानेवारीत तो आफ्रिकेच्या स्पर्धेला गेला आणि आम्ही ओळीनं दोन सामने हरलो. तेव्हा मी ‘आम्ही’ म्हणतेय हे मलाच पहिल्यांदा जाणवलं. मग डेनिस उन्डावनं लाइपझिशला तीन गोल मारले, ५-२, आणि मागचा हिशेब चुकता झाला.

स्टेडियमला मी पाच वेळा गेले. तिकिटातच लोकलचं तिकीट येतं. उभ्यानं बघायच्या जागा स्वस्त असतात, आणि मुद्दाम स्वस्त ठेवलेल्या असतात, कारण तिथं उभे राहणारेच सभासद. आजोबांनी मला सभासदत्वाचा फॉर्म दिला तो ऑक्टोबरमध्येच. मी लगेच भरला. पाच मिनिटांत, फोनवरून.

४ मेला बायर्नला ३-१ हरवलं. शेवटच्या दिवशी ग्लाडबाखला ४-०, आणि तिकडे होफेनहाइममध्ये बायर्न दोन गोलांनी पुढे असून ४-२ हरले. आम्ही ७३, ते ७२. सलग अकरा वर्षं विजेता राहिलेला बायर्न तिसरा, आम्ही दुसरे. पहिलं कोण? लेव्हरकुसेन. ३४ सामन्यांत एकही पराभव नाही, ९० गुण, क्लबच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद. आमच्याशीही दोन्ही वेळा बरोबरीच झाली. एप्रिलमध्ये त्यांच्या घरी आम्ही २-० पुढे होतो आणि जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला त्यांनी २-२ केलं. त्या रात्री मी जेवले नाही, ही गोष्ट आईला सांगू नका.

आता इथं एक अडचण आहे. लेव्हरकुसेन हा बायर या औषध कंपनीचा क्लब आहे. कामगारांनी १९०४ मध्ये सुरू केलेला, आणि कंपनीनं वीस वर्षांहून जास्त काळ सलग पोसलेला, म्हणून त्याला ‘पन्नास अधिक एक’मधून सूट. म्हणजे मी ज्या नियमाची एवढी आरती केली, त्या लीगचा अजिंक्य विजेता नियमाच्या बाहेरचा. वोल्फ्सबुर्गचंही तेच, फोक्सवॅगन. आणि लाइपझिशनं नियम कागदावर पाळलाय, पण मताचा हक्क असलेले सभासद मोजकेच. हे आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, ‘म्हणूनच तर आम्ही दुसरे आलो याचा जास्त आनंद आहे.’ पळवाट आहे, कळतं मला. पण मीही तीच धरली.

ऑफिसात एका सहकाऱ्यानं विचारलं, तुमच्याकडे फुटबॉल असतो का, की फक्त क्रिकेट? मी ताडकन कोल्हापूर सांगितलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस. तालमीतून निघालेले क्लब, पेठेपेठेत रंगवलेल्या भिंती, शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नाही. शिवाय हे शाहू महाराजांच्या गावचं, म्हणून कुस्तीचाही एक पदर. सांगलीकरानं कोल्हापूरची एवढी बढाई मारलेली गावात कळली तर मला आयर्विन पुलावरून टाकतील. पण परदेशात पन्नास किलोमीटर म्हणजे काहीच नाही, सगळं ‘आमच्याकडे’. समर्थकांची हाणामारी मी गाळली. इथंही होते म्हणा. इथं धुराच्या नळकांड्या पेटवतात आणि त्याला ‘वातावरण’ म्हणतात. आमच्याकडे झालं की ‘गालबोट’.

जुलैत मी सुट्टीला घरी होते. पाऊस धो धो, कृष्णा फुगलेली, घरात सगळी चर्चा ‘पाणी किती फुटावर’ एवढीच. रविवार, २८ तारीख. मी ओसरीवर फोनमध्ये डोकं घालून. स्टुटगार्टला क्लबची सर्वसाधारण सभा होती, तीही स्टेडियममध्येच, आणि सभासदांनी चक्क अध्यक्षालाच मतदानानं पदावरून काढलं. संघ दुसरा आलेला, युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणार, तरीही. मी उठून आण्णांना सांगितलं.

आण्णा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. म्हणाले, ‘तिकडं बी सभा असती व्हय?’

म्हटलं, असते की. मी सभासद आहे.

‘मंजूर मंजूर म्हणत्यात का?’

‘नाही, मतदान करतात. भाषणं होतात, तासन्‌तास.’

‘मग चेअरमन पाडला म्हणून एवढं काय नवल सांगतीस? आमी पाडला नव्हता का? अख्खं पॅनेल पाडलं. तू धाकली हुतीस.’ आण्णांचा आवाज चढला. जर्मनीनं त्यांची काहीतरी वस्तू घेतली असावी असा. मला ते पॅनेल आठवतं. फटाके आठवतात. पाडून पुढं काय झालं, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

जरा वेळानं ते म्हणाले, ‘आणि आपल्या हितल्या शेअरचं काय करतीस? आज्जाच्याच नावावर हाय अजून. वारस नोंद करायची तर आत्यांची संमतीपत्रं लागतील. माझ्या नावावर नगं, माझं झालं आता. तुझ्या नावावर घालू.’

मी म्हटलं, आण्णा, मला तिकडून मत द्यायला कसं येणार? आणि ऊस लावतंय कोण आता, सगळी द्राक्षं. आत्यांच्या गावाला पाण्यानं रस्ता बंद आहे. पुढच्या खेपेला बघू. सगळी कारणं खरी होती. एकेक तपासून बघितलीत मी, विमानात बसल्यावरसुद्धा.

परत आले तर इकडे पळवापळवी झालेली. गिरासी आणि कर्णधार आंटोन डोर्टमुंडला गेले, हिरोकी इतो बायर्नला. ज्याचा ऊस चांगला त्याच्या फडावर शेजारचा कारखाना टोळी पाठवतो, तसंच. आजोबा चार दिवस कुणाशी बोलत नव्हते. आता नव्या हंगामाची वाट बघतायत. मी त्यांच्यासाठी भडंग आणलं होतं. लसूण काढून ठेवतात, बाकी खातात.

परवा बँकेचा मेसेज आला, क्लबची वर्षाची वर्गणी खात्यातून आपोआप गेली. आत्यांना फोन अजून केलेला नाही. थोरल्या आत्याकडे आता रेंज आलीय म्हणे.