तुम्ही विचारलंत म्हणून : मग तुम्ही लिहिता कधी?

पुस्तकाच्या कार्यक्रमात प्रश्नोत्तरं सुरू झाली की आधीचे दोन-तीन प्रश्न कादंबरीबद्दल येतात. मग मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं आणि विचारतं, "ताई, तुम्ही कधी सिनेमाला गेलेल्या असता, कधी बाहेर जेवायला, कधी या गावी कार्यक्रम, कधी त्या गावी. मग लिहिता कधी?" विचारणाऱ्याच्या स्वरात खोच नसते, खरी उत्सुकता असते. सभागृहात वेळ थोडा असतो, म्हणून ते उत्तर इथे नीट देते.

लिहिते सकाळी. पहाटे उठून साडेनऊपर्यंत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. त्यानंतर लिहिलेलं माझं मलाच पटत नाही, त्यामुळे ताणून बसत नाही. फक्त पावसाळ्यात हे वेळापत्रक मोडतं, कारण तेव्हा दिवाळी अंकांचं काम असतं. 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत कथा लिहिणाऱ्यांचा हंगाम पावसाळ्यातच येतो. जुलै-ऑगस्टमध्ये संपादकांचे फोन सुरू झाले की मी दुपारीही बसते. एरवी मात्र दुपारनंतर घराबाहेर असते, आणि तो वेळ मी सुट्टीचा मानत नाही.

मी मराठीत लिहिते. मराठी सिनेमा, मराठी पुस्तक, मराठी व्याख्यान ह्या गोष्टी माणसं घरातून उठून तिथवर गेली तरच चालतात. कुणी गेलं नाही तर त्या बंद पडतात, आणि बंद पडल्याचं पुष्कळांना कळतही नाही. ज्या भाषेत माझं सगळं आयुष्य चाललंय, तिच्यासाठी मीच उठले नाही तर दुसऱ्या कुणाला कोणत्या तोंडाने सांगू?

सिनेमाचंच बघा. मराठी सिनेमा मी शक्यतो लागल्याच्या पहिल्या रविवारच्या आत बघते, शुक्रवारी जमलं तर उत्तम. पहिल्या तीन दिवसांत तिकिटं किती गेली यावर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. त्याच आठवड्यात एखादा मोठा हिंदी सिनेमा लागला की मराठीच्या वाट्याला सकाळचा नाहीतर भर दुपारचा खेळ येतो, आणि त्या खेळाला गर्दी नाही म्हणून सिनेमा उतरवला जातो. राज्य सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ अशी वेळ जाहीर झाली. त्यावर वाद झाला आणि ती दुपारी बारा ते रात्री नऊ अशी झाली. दुपारी बारा वाजता नोकरीवर असलेल्या माणसाला त्या प्राइम टाइमचा काय उपयोग? तोंडी कौतुक ऐकून 'बघूया दुसऱ्या आठवड्यात' असं म्हणणाऱ्या माझ्या मित्रमंडळींनी किती चांगले सिनेमे असे गमावलेत, ते मी पाहिलंय. म्हणून सारखी मागे लागते : जायचं तर आत्ता जा.

दुपारच्या खेळाला येणारी माणसं मला फार आवडतात. निवृत्त जोडपी, भिशीच्या गटातल्या बायका, कॉलेज बुडवून आलेली मुलं. एका सिनेमात सासू-सुनेच्या भांडणाचा प्रसंग होता. तिथे हसायचं आहे हे पार्श्वसंगीत स्पष्ट सांगत होतं. माझ्या पुढच्या रांगेतल्या भिशीच्या बायका मात्र एकदम गप्प झाल्या. मध्यंतरात त्यांच्यातली एक शेजारणीला म्हणाली, "आमच्याकडे अगदी असंच झालं होतं. हसण्यासारखं काही नव्हतं गं त्यात." ते वाक्य माझ्या डोक्यातून कित्येक दिवस गेलं नाही, आणि तेव्हा चालू असलेल्या कादंबरीतली सासू त्यानंतर वेगळीच बोलायला लागली. घरी सोफ्यावर बसून तोच सिनेमा पाहिला असता तर मला फक्त संगीत ऐकू आलं असतं.

पुण्यात राहण्याचा एक फायदा म्हणजे इथे सिनेमाचा जुना शेजार अजून थोडा शिल्लक आहे. अप्पा बळवंत चौकापाशी १९३४ साली 'मिनर्व्हा' नावाने सुरू झालेलं थिएटर पुढे 'प्रभात' झालं, आणि आता ते 'किबे लक्ष्मी' आहे. माझ्या पिढीची माणसं अजून 'प्रभातला लागलाय' असंच म्हणतात. तिथून सिनेमा सुटला की चार पावलांवर पुस्तकांची दुकानं, हा योग मला फार मोलाचा वाटतो. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९६४ सालची. फाळक्यांच्या मूकपटांचा जेवढा भाग आज आपल्याला बघायला मिळतो, तो हे संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी जिद्दीने शोधून तिथे आणून ठेवला म्हणून. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि त्यातले अगदी मोजके वाचले. एकेकाळी लोकांनी रांगा लावून बघितलेल्या इतक्या गोष्टी अशा नाहीशा झाल्या, हे त्या इमारतीत शिरताना दर वेळी आठवतं.

आता जेवणाबद्दल. मी बाहेर पुष्कळदा एकटी जेवते. वेटर अजूनही विचारतात, "अजून कुणी येणार आहे का?" पूर्वी हॉटेलात बायकांसाठी फॅमिली रूम असायची, पडदा लावलेली, माझ्या आईने आयुष्यात एकटीने कधी बाहेर जेवण केलं नाही. त्यामुळे टिळक रस्त्यावर 'दुर्वांकुर'ला एकटीने थाळी मागवून सावकाश, अळूची भाजी दुसऱ्यांदा घेऊन जेवणं, ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही. मला त्याचा मनापासून आनंद होतो आणि तो मी लपवत नाही.

डेक्कनवरचं 'गुडलक' १९३५ सालचं. तिथे बन-मस्का आणि चहा घेऊन मी मुद्रितं तपासते. घरी वाचताना डोळ्यांना चूक दिसत नाही, कारण मजकूर पाठ झालेला असतो. आजूबाजूला आवाज असला की प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचावं लागतं आणि चुका सापडतात. शिवाय कान मोकळे असतात. हल्ली मुलगी बघण्याचा कार्यक्रम घरच्या कांदेपोह्यांऐवजी हॉटेलात होतो, तोही दोघांचाच. असं एक जोडपं माझ्या शेजारच्या टेबलाशी बसलं होतं. बिल आल्यावर मुलगी म्हणाली, "माझं मी देते." मुलगा सहज म्हणाला, "पुढच्या वेळी दे." आणि मग दोघंही थांबले. पुढची वेळ आहे की नाही, हे तोवर कुणी ठरवलंच नव्हतं. मुलीने पर्स उघडी ठेवून थोडा विचार केला आणि ती मिटली. एवढ्या छोट्या हालचालीत लग्नाचा होकार कसा असतो हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ऐकलेलं मी कुणाची ओळख पटेल असं कधीही लिहीत नाही, हा नियम मात्र मी कडक पाळते. लोक हॉटेलात विश्वासाने बोलत असतात.

सिनेमा बघून झाल्यावर त्याबद्दल बोलायलाही जागा लागते. एका चहावर तासभर बसू देणारी हॉटेलं कमी होत चालली आहेत. जागेचं भाडं आणि दाराबाहेरची रांग पाहता मालकांना दोष देता येत नाही. तरी जिथे बसू देतात तिथे मी मुद्दाम दोन पदार्थ जास्त मागवते.

आणि आता पुस्तकाच्या कार्यक्रमांबद्दल, कारण खरा आक्षेप तिथे असतो. लेखकाने पुस्तक लिहून बाजूला व्हावं, त्याचा प्रचार करत फिरू नये, असं मानणारे वाचक आहेत. त्यांचा मला आदर आहे, पण त्यांना हिशेब ठाऊक नसतो. मराठीत आवृत्ती हजार प्रतींची असा जुना संकेत. आता बरेच प्रकाशक पाचशे किंवा त्याहूनही कमी प्रती छापतात. रॉयल्टी बहुधा छापील किमतीच्या दहा टक्के. म्हणजे तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजारच्या हजार प्रती खपल्या तर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये, तेही एकदम नाहीत. पुण्या-मुंबईबाहेर कित्येक गावांतल्या पुस्तकांच्या दुकानात फक्त पाठ्यपुस्तकं आणि गाइडं मिळतात. कादंबरी हवी असलेल्या माणसापर्यंत कादंबरी आपोआप पोचेल अशी व्यवस्था नाही. मग तिच्याबरोबर मला जावं लागतं. प्रकाशक हल्ली रीलही करायला सांगतात, तीही करते. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलण्यासारखं आहे ते वाचनालयांबद्दल. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यातून अ, ब, क, ड वर्गांची हजारो ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात. अनुदान तुटपुंजं, ग्रंथपालांचे पगार ऐकवत नाहीत. तरी संध्याकाळी कुणीतरी दार उघडतं, दिवा लावतं आणि वर्तमानपत्रं टेबलावर मांडून ठेवतं. माझे सगळ्यात चांगले कार्यक्रम अशाच ठिकाणी झालेत. पन्नासेक खुर्च्या, सतरंजीवर मुलं, गावातल्या शाळेच्या बाई सूत्रसंचालनाला.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रंथपालांनी मला माझ्याच पुस्तकाची त्यांच्याकडची प्रत दाखवली. शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी असते ना, ती भरून गेली होती आणि तिच्यावर दुसरी चिकटवली होती. तीही जवळजवळ भरली होती. प्रकाशकाच्या हिशेबात ती एक प्रत. माझ्या हातात मात्र कितीतरी घरांत जाऊन आलेलं पुस्तक होतं : पानांचे कोपरे दुमडलेले, एका पानावर हळदीचं बोट. नायिका माहेरी न जाण्याचं ठरवते त्या परिच्छेदाशेजारी कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'खरं आहे.' त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'अजिबात नाही. जायला हवं होतं.' त्या दोन बायका (बायकाच असाव्यात, असं मी धरून चालते) एकमेकींना ओळखत असतील का? माझ्या कादंबरीवर आलेली सगळी परीक्षणं एका बाजूला आणि त्या दोन ओळी एका बाजूला. मी त्या पानाचा फोटो काढायची परवानगी मागितली. ग्रंथपाल म्हणाले, "पुस्तकात लिहू नये असा नियम आहे, पण हे मी खोडलं नाही." त्यांनी ते खोडलं नाही याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

पुस्तकाबरोबर फिरण्यात जेवणही येतंच. २०२४च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात सह्या करून झाल्यावर एका कुटुंबाने मला घरी जेवायला नेलं. साने गुरुजींनी जिथे शिकवलं ते हे गाव, त्यामुळे पुस्तकवाल्या माणसाचं अप्रूप तिथे जरा जास्त. वरण-बट्टी, घोटलेल्या वांग्यांची भाजी, वर तुपाची धार. वाढता वाढता त्या घरच्या आजी म्हणाल्या, "तुमचं पुस्तक मी वाचलं. त्यात खानदेशातली एक बाई आहे. पण ती पुण्यासारखी बोलते." त्या घरात अहिराणी चालत होती आणि माझ्याशी मात्र सगळे जपून प्रमाण मराठीत बोलत होते. मी आजींना म्हटलं, माझ्याशीही अहिराणीतच बोला, मी समजून घेईन. मग पाट उचलेपर्यंत मी नुसती ऐकत बसले. त्या बाईवर मी नवी कथा लिहायला घेतली आहे, आणि ती या वेळी तिच्या घरच्या बोलीत बोलेल. मसुदा आजींना दाखवल्याशिवाय छापणार नाही, असा शब्द देऊन आले आहे.

कार्यक्रमांमधल्या दोन गोष्टी मला आवडत नाहीत, त्याही सांगते. सत्कार लांबतात आणि वाचकांच्या प्रश्नांना वेळ उरत नाही. शाल-श्रीफळाऐवजी ती वीस मिनिटं वाचकांना द्या, असं मी आयोजकांना आधीच कळवते. आणि लेखकाकडे पुस्तक फुकट मागू नये. 'सही करून एक प्रत द्या की' असं प्रेमाने म्हणणाऱ्यांनाही मी नाही म्हणते. एका प्रतीमागे जुळारी, बांधणी करणारे, मुखपृष्ठकार, विक्रेता अशी कितीतरी माणसं असतात. वाचनालयांना मात्र प्रती देते, कारण वर सांगितलेली ती चिठ्ठी.

पुढच्या महिन्यात सांगली जिल्ह्यात एका वाचनालयात कार्यक्रम आहे. तिथल्या ग्रंथपालबाईंचा परवा फोन आला, "ताई, मुक्काम करणार ना?" गावातलं एकपडदा टॉकीज अजून चालू आहे आणि तेव्हा तिथे मराठी सिनेमा लागलेला असेल, असं त्यांनी सांगितल्यावर मी लगेच हो म्हटलं. कार्यक्रम दुपारी, संध्याकाळच्या खेळाची तिकिटं त्या काढून ठेवणार आहेत आणि नंतर जेवण त्यांच्या घरी. त्याआधी अहिराणी कथेचा पहिला मसुदा पुरा करायचा आहे, म्हणून सध्या तासभर आधीचा गजर लावते.