सैल सोडणे

रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर फुगू लागला की डॉक्टर ‘रिलॅक्स’ म्हणतात आणि नेमकी त्याच क्षणी माझी मूठ आवळली जाते. परवा भर दुपारी रावपुऱ्यातल्या दवाखान्यातून घरी येताना हा शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. लॅटिनमध्ये ‘लॅक्सस’ म्हणजे सैल आणि ‘रिलॅक्सारे’ म्हणजे पुन्हा सैल करणे. जुलाबाचे ‘लॅक्झेटिव्ह’ही त्याच कुळातले, तेव्हा कुळाचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही.

‘पुन्हा’ मात्र मला पटते. लहानपणी मी दांडिया बाजारात व्हायोलिन शिकायला जात असे. शिकवणी संपता संपता बाहेर शेव-उसळीचा वास दरवळू लागे, बोटांना राळेची पांढरी भुकटी लागलेली असे आणि मी पेटी मिटून पळण्याच्या बेतात असताना गुरुजी हमखास विचारीत, “अरे, गज उतरवलास का?” मग पुन्हा पेटी उघडून, गजाचा स्क्रू फिरवून केस सैल करावे लागत, कारण ताणलेलाच ठेवलेला गज हळूहळू आपला बाक गमावतो. नवी तार मात्र कोणी न उतरवताही रात्रीतून उतरत असे. ताणून धरलेल्या पदार्थातला ताण असा आपोआप ओसरण्याला जो काळ लागतो, त्याला भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६७ मध्ये ‘रिलॅक्सेशनचा काळ’ म्हटले, हे पुढे कॉलेजात कळले.

पतंजलीनेही आसनाच्या संदर्भात ‘प्रयत्नशैथिल्य’ सांगितले आहे, म्हणजे आधी प्रयत्न हवाच. दिवसभर सोफ्यावर लोळणाऱ्या माणसाला रिलॅक्स होताच येत नाही, असे माझे ठाम मत आहे. घरच्यांना ते रविवारी विशेष खटकते.

या शब्दाचा एक अर्थ मात्र थट्टेत बसत नाही. स्पेन आणि पोर्तुगालच्या इन्क्विझिशनमध्ये, म्हणजे धर्मद्रोहाचा छडा लावणाऱ्या चर्चच्या न्यायालयात, धर्मद्रोही ठरवलेल्या माणसाला देहदंडासाठी राजसत्तेच्या हवाली करण्याला ‘रिलॅक्सेशन’ म्हणत. चर्चने रक्त सांडायचे नसते, म्हणून चर्च त्याला केवळ ‘सोडून देत’ असे. जाळण्याचे काम सरकारी माणसे करीत. गोव्यात हे न्यायालय १५६० मध्ये आले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. तिथेही काही माणसे याच शब्दाने चितेकडे सोडली गेली.