घड्याळाप्रमाणे मॉर्फिन
आज आम्हा उपकेंद्रांवरील आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कर्करुग्णांच्या वेदनाशमनावर प्रशिक्षण झाले. खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंडाचा कर्करोग झालेले रुग्ण नागपूरहून किरणोपचार आटोपून गावी परततात, तेव्हा पुढची काळजी आमच्याकडेच येते. हा विषय खरे तर मूळ अभ्यासक्रमातच सविस्तर हवा. तोंडावाटे द्यायचे साधे मॉर्फिन (अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक) दुखणे उफाळण्याची वाट न पाहता दर ४ तासांनी घड्याळाप्रमाणे द्यायचे आणि बद्धकोष्ठता टाळण्यासाठी रेचकही पहिल्या दिवसापासून सुरू करायचे, हे नीट समजले. व्यसन लागेल ही नातेवाइकांची (आणि काही डॉक्टरांचीही!) भीती मात्र एका प्रशिक्षणाने जाणार नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले, तरी आमच्या तालुक्यात ते मिळत नाही. त्यासाठी वरिष्ठांना उद्याच पत्र देणार आहे.