बाळानं पोटात शी केली, आता?

लेबर रूमचं दार उघडलं की कुणीतरी आजी माझा हात धरते. “सिस्टर, बाळानं पोटातच शी केली म्हणतात. वाचेल ना?”

तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. शंभरातल्या दहा-पंधरा बाळंतपणांत बाळाच्या शीनं त्याच्याभोवतीचं पाणी हिरवं येतं, दिवस उलटून गेले असतील तर जास्तच. त्यातल्या साधारण विसात एका बाळाला श्वासाचा खरा त्रास होतो. ते एक कोणतं, हे ओळखण्यातच आमचा जीव अडकलेला असतो.

पाणी पातळ पोपटी आहे की पालकाच्या भाजीसारखं दाट, ते बघते. पोटावर यंत्र धरून ठोके मोजते. ११०च्या खाली उतरून तिथेच रेंगाळले तर डॉक्टरांना हाक. बाळ बाहेर आलं की मात्र मी पाण्याकडे बघतच नाही, बाळाकडे बघते. रडलं, हातपाय आखडून घेतले, ठोके १००च्या वर असले, तर पुसून सरळ आईच्या छातीवर. लुळं पडलं तर पहिल्या मिनिटातच तोंडानाकावर मास्क लावून, हवेची बॅग दाबून श्वास द्यायचा.

“घाण ओढून काढलीच नाही!” म्हणून नातेवाईक भांडतात. पूर्वी खांदे निघायच्या आत आम्ही प्रत्येकाच्या तोंडानाकात नळी घालायचो. मीही घातल्यात. २००४ साली अडीच हजार बाळांवरचा अभ्यास आला आणि कळलं, त्यानं बाळाचा त्रास काही टळत नव्हता.

पण रडलं म्हणजे सुटलं, असंही नाही. एक पोरगी छान रडली होती. नखं मात्र पिवळट-हिरवी. तसा रंग चढायला चार-सहा तास लागतात, म्हणजे ती बराच वेळ त्या पाण्यात होती. मी आईला वॉर्डात पाठवलं आणि दुसऱ्या बाळंतपणाला लागले. तासाभरानं आजी आली. “पोर कुंथतीय बघा, मांजरागत.” दुपटं बाजूला करून पूर्ण मिनिटभर पोटाची हालचाल मोजली. ७४. मिनिटाला श्वास साठच्या आत हवेत. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली खळगा पडत होता.

पाच दिवस ऑक्सिजनवर होती. तेव्हापासून हिरव्या पाण्याचं बाळ वॉर्डात पाठवताना मी आजीलाच शेजारी बसवते, घड्याळ दाखवते आणि दुपटं उघडून मोजायला शिकवते.