हरिश्चंद्रगड: इंद्रवज्र दिसलं, माझे चौदाही फोटो पांढरे

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी गड केला. पाचनईहून चढलो, अडीच तास लागले. वाट सोपी, धबधबे भरपूर, वर पिठलं-भाकरी गरम. यापलीकडे चढाईबद्दल सांगण्यासारखं काही नाही. लिहायला बसलोय ते रविवार सकाळच्या चार मिनिटांबद्दल.

आमची म्हणे 'फोटोग्राफी स्पेशल' बॅच होती. त्याच गाडीतून आलेल्या, शेजारच्याच तंबूत झोपलेल्या साध्या बॅचने १,३०० रुपये भरले होते, आम्ही ३,२००. वरच्या १,९०० मध्ये आम्हाला काय मिळालं, तर शनिवारी संध्याकाळी चाळीस मिनिटांचं प्रवचन. त्याचं सार असं, की खरा फोटोग्राफर एमवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः लावायच्या पूर्ण मॅन्युअलवर असतो. बाकीचे मोड हौशा-नवशांसाठी. मी बारा वर्षं कॅमेरा गळ्यात घालून डोंगर फिरतोय. एरवी ॲपर्चर प्रायॉरिटी (भिंगाचं तोंड किती उघडायचं ते मी ठरवतो, बाकी कॅमेरा) सोडत नाही. पण त्या दिवशी भारावलो आणि डायल एमवर नेऊन ठेवला. तो तिथेच राहिला.

सकाळी साडेसहाला केदारेश्वराच्या गुहेत उतरलो. कमरेएवढं बर्फासारखं पाणी, मध्ये शिवलिंग, चार खांबांपैकी धड उभा एकच. आत अंधार. इथे एम योग्यच होता, हे कबूल करतो. चौकटीत सगळा काळा दगड आणि बाजूला बाहेरच्या उजेडाची एक फट. कॅमेऱ्यावर सोपवलं की तो कधी फटीकडे बघतो, कधी दगडाकडे, आणि प्रत्येक फोटो वेगळा येतो. भिंगाचं तोंड एफ/४, शटर १/३० सेकंद, सेन्सरची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२००. फोटो सुरेख आले. मी खूश. पाय बधिर.

तिथून तसाच कुडकुडत कोकणकड्यावर. दरीत खालून धुकं वर येत होतं, पाठीमागे सूर्य नुकताच डोंगरावरून निघाला होता. आणि समोर धुक्यावर सातरंगी पूर्ण वर्तुळ, मध्यभागी माझ्याच डोक्याची सावली. इंद्रवज्र! ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने याच गडावरच्या इंद्रवज्राचं वर्णन १८३५ मध्ये छापलं होतं. मी या गडावर सहा वेळा आलोय, आजवर एकदाही दिसलं नव्हतं.

चौदा फोटो काढले. चार मिनिटांत धुकं वर सरकलं आणि सगळं पुसलं गेलं. मग स्क्रीन बघितला. बॅचमधला एक पोरगा खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "दादा, हा तर कोरा कागद आहे."

गुहेतलीच सेटिंग्ज होती. हिशोब नंतर केला: त्या धुक्याला एफ/८, १/५००, आयएसओ २०० पुरलं असतं. म्हणजे माझे फोटो दहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट), हजार पट जास्त उजळ झाले होते. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल असली तरी त्यात वाचवायला काही उरत नाही. माझा डीएसएलआर जुना, त्याच्या भिंगातून बघताना सगळं नेहमीसारखंच दिसतं. मिररलेस (बघायच्या खिडकीतही स्क्रीनच असलेला) असता तर डोळ्यासमोर पांढरं दिसून कळलं असतं. उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा 'अधिक'च्या टोकाला जाऊन लुकलुकत होताच, पण इंद्रवज्र समोर असताना काट्याकडे कोण बघतं?

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यात कड्यावर एम वापरणं हा मूर्खपणा आहे. धुकं दर मिनिटाला दोन-तीन स्टॉप इकडे-तिकडे करतं, त्यामागे तीन आकडे फिरवत बसायला कुणाचे हात रिकामे असतात? शिवाय कड्याच्या काठावर उभं राहून डायलकडे बघत पाय सरकवणारे दोघे मी त्याच सकाळी पाहिले. कडा खाली आत वळलेला आहे, पायाखाली काहीही नाही. फोटो पोटावर झोपून काढा.

आता ऑटोही देवमाणूस नाही. मीटर समजतो की समोरचं जग सरासरी मध्यम राखाडी आहे. त्यामुळे चौकटभर धुकं असलं की तो ते मळकट करतो, आणि चौकटभर ओला काळा कातळ असला की उगाच उजळवतो. उपाय सोपा: ॲपर्चर प्रायॉरिटी, एफ/८, ऑटो आयएसओ ३२०० पर्यंत, किमान शटर १/२५०, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशोबापेक्षा उजळ किंवा गडद करायचं बटण, धुक्यात अधिक १, कातळावर उणे ०.७. एवढं एक बटण अंगठ्याने फिरवता आलं की डोंगरावरचं नव्वद टक्के काम झालं. धुक्यात ऑटोफोकस मात्र भरकटतो. तो कड्याच्या कडेवर लावून घ्या आणि मग चौकट हलवा.

एम कुठे? गुहेत. रात्री ताऱ्यांसाठी, पण ते नोव्हेंबरनंतर; क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर १८ मिमीच्या भिंगाला वीसेक सेकंदांच्या वर गेलात तर तारे रेघा होतात. आणि कड्याची पूर्ण कमान पाच-सहा उभ्या फोटोंत जोडायची असेल तेव्हा, नाहीतर पट्टे वेगवेगळ्या उजेडाचे येतात. काम झालं की लगेच परत. धबधब्याला शटर प्रायॉरिटी (वेळ आपण ठरवायची, बाकी कॅमेरा), पाव सेकंद, दगडावर टेकवून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या डायलवर सी१ किंवा यू१, म्हणजे आपली सेटिंग्ज साठवायची जागा असेल तर वरची ॲपर्चर प्रायॉरिटीची सेटिंग्ज घरूनच त्यात भरून ठेवा. गुहेतून बाहेर पडताना डायल तिथे न्यायचा, बस. माझ्या कॅमेऱ्यात यू१ तीन वर्षं रिकामा पडून आहे, हे मला खिरेश्वरकडे उतरताना टोलार खिंडीवरच्या रेलिंगला लटकलेलो असताना आठवलं. साध्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर पी (प्रोग्रॅम, ॲपर्चर-शटर दोन्ही कॅमेरा ठरवतो) लावा, हिरवा ऑटो लावा, लाज बाळगू नका.

'स्पेशल' बॅचचे १,९०० रुपये वाचवा. गडावरच्या मावशींना भाकरीचे दहा रुपये जास्त द्या. आमचा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "मोबाईलवाल्यांचं बरं आलंय की."

खरंच आलंय. मित्राच्या बायकोने, मानसीवहिनींनी, फोन नुसता पुढे धरला होता. वर्तुळ पूर्ण, मध्ये त्यांची सावली. मला व्हॉट्सॲपवर पाठवलाय, तोही दाबून बारीक झालेला. मूळ फाइल मागितली आहे, अजून आलेली नाही.