धुणे सोपे, वाळवणे अवघड

जर्मनीत वापरलेली गाडी घेताना तिच्या तब्येतीची चिंता फारशी करावी लागत नाही. दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत ब्रेक, दिवे, धूर, गंजलेला सांगाडा हे सगळे कसोशीने पाहिले जाते आणि पुढची तपासणी कधी आहे, ते मागच्या नंबर प्लेटवरच्या रंगीत चकतीवर वाचता येते. आत बसल्यावर नाकाला काय जाणवते, हे मात्र कुणी तपासत नाही. आम्ही बॉनमध्ये घेतलेल्या स्टेशन वॅगनचे आधीचे मालक सिगारेट ओढत आणि मागच्या भागात त्यांचा कुत्रा बसत असे. या दोन्ही गोष्टी त्यांनी जाहिरातीतच लिहिल्या होत्या आणि किंमतही त्या हिशेबाने कमी ठेवली होती. हा सरळपणा मला मनापासून आवडला. सांगलीत जुनी गाडी बघायला गेले की ‘डॉक्टरांची गाडी आहे, एका हातात वापरलेली’ हे वाक्य ठरलेले असते, आणि खरे काय ते कळायला आपल्यालाच सीटखाली हात घालावा लागतो.

आतून पूर्ण सफाई करून देणाऱ्या इथल्या एका व्यावसायिकाकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी दोनशे युरोंच्या पुढचा आकडा सांगितला. माणसाच्या तासाला इथे दाम आहे, आणि तो असायलाच हवा, हे मला मान्य आहे. तरीही सांगलीत विश्रामबागच्या वॉशिंग सेंटरमधली पोरे दातांच्या ब्रशने एसीच्या जाळीतली धूळ काढत बसतात, ते कौशल्य काही कमी प्रतीचे नाही. त्या कामाला आपण किती कमी पैसे देतो, हे मला इथे आल्यावर जाणवले. अखेर ते काम आम्ही घरीच करायचे ठरवले.

पहिला अडथळा आला तो पाण्याचा. मी बादली आणि ब्रश घेऊन खाली उतरले, तेव्हा शेजारच्या आजी खिडकीतून पाहत होत्या. त्या खाली आल्या आणि अतिशय सौम्य शब्दांत म्हणाल्या की रस्त्यावर गाडी धुता येणार नाही आणि आतल्या सफाईचे साबणाचे पाणीदेखील रस्त्याकडेच्या जाळीत ओतता येणार नाही. गाडी घरी धुण्याबाबतचे नियम इथे गावागणिक वेगळे आहेत, पण कच्च्या जमिनीवर धुणे निषिद्धच, कारण तेल, इंधन आणि साबण मातीतून भूजलात उतरतात. रस्त्यावरच्या जाळीतले पाणी अनेक ठिकाणी मैलापाण्याच्या केंद्रात न जाता थेट ओढ्यात किंवा नदीत पोहोचते. गाडी धुण्याच्या अधिकृत केंद्रांत तेल वेगळे करणारी टाकी बसवलेली असते, म्हणून धुवायचे तर तिथे जायचे. बादलीतले मळके पाणी घरातल्या शौचकुपात ओतायचे. त्यातच अनेक राज्यांत ही केंद्रे रविवारी बंद असतात किंवा दुपारनंतरच उघडतात.

मला त्या क्षणी राग आला, आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. एक बादली पाण्यासाठी तीन मजले चढायचे, ती घरात रिकामी करायची, पुन्हा भरून खाली आणायची, हे दिवसभर करताना माणसाला नियमामागचे शास्त्र आठवत नाही. शिवाय मनात एक उलट प्रश्न सारखा येत होता. ज्या देशात जवळपास प्रत्येक घरासमोर गाडी उभी असते, त्यांनी एका बादलीची एवढी काळजी करावी, आणि मोजून पाणी वापरणारी आमची माणसे बेफिकीर ठरावीत, हा कुठला न्याय? सांगलीतले बहुतेक लोक आजही ओल्या फडक्याने आणि अर्ध्या बादलीत गाडी पुसतात. पण मग शेरीनाला आठवतो. शहराचे सांडपाणी त्या नाल्यातून कृष्णेत जाते, हे लहानपणापासून वर्तमानपत्रात वाचत आम्ही मोठे झालो, आणि प्रत्येक निवडणुकीत तो प्रश्न सुटणार असे ऐकले. आजींशी मी वाद घातला नाही, याचे कारण शेरीनालाच आहे.

त्याच आजींनी दुसऱ्या दिवशी स्वतःचे पाणी फवारून लगेच ओढून घेणारे यंत्र तळघरातून काढून दिले. ते कसे वापरायचे, हे दाखवायला त्या थंडीत संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ उभ्या राहिल्या. इथली माणसे कोरडी आहेत असे जे आपल्याकडे म्हटले जाते, ते मला तरी पटत नाही.

खरे काम पाण्याआधीच सुरू होते. कुत्र्याचे केस गालिच्याच्या विणीत अडकलेले असतात आणि नुसत्या व्हॅक्युमने निघत नाहीत. हातात रबराचा मोजा घालून एकाच दिशेने घासले की त्यांच्या गुंडाळ्या होऊन वर येतात. सिगारेटचा वास हा वास नसून थर असतो, हे काच पुसताना कळले. पांढरे मायक्रोफायबर फडके एकदा फिरवले तर ते चहाच्या रंगाचे झाले. डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या बाजू, स्टिअरिंग, सीटबेल्ट या सगळ्यांवर तो चिकट थर असतो, आणि तो पुसून काढल्याशिवाय सुगंधाची बाटली टांगण्यात काही अर्थ नसतो. वास घालवायला ओझोन वायूचे यंत्र लावून देतो असे एकाने सुचवले होते. ओझोन फुप्फुसांना घातक असतो, तो सोडलेला असताना आत कुणी बसायचे नसते आणि नंतर गाडी नीट हवेशीर करावी लागते. थर तसाच ठेवून ओझोन सोडला, तर वास काही दिवसांत परत येतो. म्हणून आम्ही आधी पुसून घेतले आणि शेवटी ग्लोव्ह बॉक्समागचा एसीचा फिल्टर बदलला. जुना फिल्टर काळा पडला होता आणि त्यात कुत्र्याचे केस होते.

गालिच्याकडे वळण्याआधी मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचे गॅरेज सांगलीत आहे आणि २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांतल्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेव्हा गावात उभ्या असलेल्या कित्येक गाड्यांत छतापर्यंत गाळ शिरला होता. मामांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “धुवायचं सोड पोरी, वाळवणार कशी ते सांग आधी.”

त्यांचा मुद्दा असा होता की गालिच्याखाली फोमचा जाड थर असतो. वरचे कापड दिवसभरात कोरडे लागते, पण फोम भिजलेल्या स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि मग बुरशीचा वास येतो. गाडीच्या वायरी आणि त्यांचे जोडदेखील तिथूनच जातात, ते हळूहळू हिरवे पडतात आणि सहा महिन्यांनी काहीतरी भलतेच बंद पडते. सांगलीत ते सीट काढून, गालिचा उचलून उन्हात टाकतात. नव्या गाड्यांत सीटमध्ये एअरबॅग असते, म्हणून बॅटरीची तार सोडून, थोडा वेळ थांबून मगच सीटखालच्या पिवळ्या जोडाला हात लावायचा, हेही त्यांनी बजावले. पुरातली गाडी ओळखायची त्यांची पद्धत मी इथे गाडी घेतानाच वापरली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. विकणारा दिसणारा भाग धुतो, गुंडाळीतला धूत नाही, आणि गाळाची रेघ तिथे राहते. २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेला पूर आला, त्याच महिन्यात बॉनच्या दक्षिणेला आर नदीच्या खोऱ्यातही महापुराने हाहाकार केला होता. त्यामुळे सांगलीची ही परीक्षा इथे अनाठायी नव्हती.

बॉनमध्ये नोव्हेंबरात ऊन जवळपास नसतेच. थंड हवा फारसे पाणी शोषत नाही, आणि खिडक्या उघड्या ठेवल्या तर आणखी दमट हवा आत येते. म्हणून पाणी अगदी बेताने वापरायचे, फवारा मारला की त्याच हाताने ओढून घ्यायचा, मग तोच पट्टा कोरड्या यंत्राने पुन्हा दोनदा ओढायचा. त्यानंतर इंजिन गरम करून हीटर आणि एसी एकाच वेळी लावायचे, कारण एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर कापड गरम ठेवतो. एप्रिलच्या सांगलीत जे काम ऊन फुकट करते, त्यासाठी इथे इंधन जाळावे लागते. आपल्या उन्हाला आपण उगाच नावे ठेवतो.

मागच्या सीटवर एक पिवळा डाग निघाला तो मात्र आमचाच होता, आईने पाठवलेल्या हळदीचा. बाजारातला साबण लावला की तो लाल होतो, हे हळदीच्या गावातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तो मी घासला नाही. गाडी दुपारी जिथे थोडे ऊन येते तिथे लावत राहिले, आणि तो बराच फिका झाला आहे. सीटबेल्ट पूर्ण ओढून, चिमट्याने अडकवून, कोमट पाण्यातल्या सौम्य साबणाने पुसले. त्यांना ब्लीच किंवा कडक रसायन लावायचे नाही, पट्ट्याची ताकद कमी होते, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. पेडलवर आणि स्टिअरिंगवर चकाकी आणणारा फवारा मी मारला नाही, कारण तिथे निसरडेपणा जिवावर बेतू शकतो.

राहिले ते छताचे कापड. चालकाच्या डोक्यावर धुराचे एक फिकट पिवळे वर्तुळ अजून आहे. जास्त ओले केले तर कापड धरून ठेवणारा गोंद सुटतो आणि छत लोंबते, म्हणून मी ओलसर फडक्याने टिपून थांबले. मामांना त्याचा फोटो पाठवला आहे. ते म्हणाले, “असू दे तसंच, हात लावू नको आता.” त्यांचे मी ऐकणार आहे.